पाणी मुरवायची जागा शोधताना: आधी विहिरी, मग नकाशा, मग खड्डा

एक तलाव पावसाळ्यात भरला आणि पार उन्हाळ्यापर्यंत तुडुंब राहिला. दुसरा भरला आणि बारा दिवसांत तळ दिसायला लागला. लोक पहिल्याचे फोटो काढतात आणि दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडतात, पैसे वाया गेले म्हणतात. पण काम जर भूजल पुनर्भरणाचं, म्हणजे पाणी जिरवून जमिनीखालचा साठा भरायचं असेल तर दुसराच पास झालाय, पहिला नापास. जे पाणी सहा महिने डोळ्यासमोर दिसतंय ते खाली गेलेलंच नाहीये, ते उन्हानं हळूहळू वर चाललंय. अडवणं आणि जिरवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोघांना लागणारी जमीन बरोबर उलटी असते, एवढं डोक्यात बसलं की जागा शोधताना निम्म्या चुका आपोआप टळतात.

जागा शोधताना प्रश्न तीनच. पाणी येईल का, आत जाईल का, आणि आत गेलेलं कुणाच्या हाती लागेल का. बहुतेक लोक फक्त मधला प्रश्न विचारतात. उतार बघितला, माती बघितली, झाली साईट फायनल. मी पण सुरुवातीला हेच केलंय. आता मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे नापास झालेल्या जागेवर बाकीची मेहनत फुकट जाते आणि हा प्रश्न तपासायला पैसे सगळ्यात कमी लागतात. एक टेप, एक वही आणि पायपीट.

विहिरींपासून सुरुवात

परिसरातल्या दहा-पंधरा विहिरी आणि बोअर निवडा, एकाच बाजूच्या नको, पसरलेल्या. वर्षातून दोनदा पाण्याची पातळी मोजायची, एकदा कोरडा हंगाम संपताना आणि एकदा पाऊस उघडल्यावर. सगळ्या विहिरी एक-दोन दिवसांतच उरकायच्या आणि तेही सकाळी मोटारी चालू व्हायच्या आत, नाहीतर तुम्ही भूजल मोजत नाही, कुणी किती उपसलं ते मोजताय.

मोजायची जुनी पद्धत अजूनही झकास चालते. स्टीलची टेप घ्या, टोकाला वजन बांधा आणि शेवटच्या मीटरभर लांबीला खडू फासा. टेप आत सोडायची आणि विहिरीच्या कडेला एखादा पूर्ण आकडा धरायचा, समजा १५.०० मीटर. वर ओढली की खालचा खडू ओला होऊन गडद झालेला दिसतो, समजा ०.६२ मीटरपर्यंत. म्हणजे पाणी १४.३८ मीटरवर. त्यातून कठड्याची उंची वजा करायला विसरू नका, हे विसरल्यामुळे अख्खा सर्व्हे चुकलेला मी बघितलाय, आणि चूक करणारा मीच होतो त्यामुळे नाव सांगायला हरकत नाही.

आता नुसती खोली कामाची नाही. जमिनीची उंची वजा पाण्याची खोली असं करून पाण्याची खरी उंची काढायची. तीन विहिरी समजा: पहिलीची जमीन ५४० मीटरवर, पाणी १४ मीटर खोल, म्हणजे पाणी ५२६ वर. दुसरी ५३६ वर आणि १३ मीटर खोल, म्हणजे ५२३. तिसरी ५४१ वर आणि २१ मीटर खोल, म्हणजे ५२०. बघा गंमत, तिसऱ्या विहिरीची जमीन सगळ्यात उंच आहे पण पाणी सगळ्यात खाली आहे, म्हणजे जमिनीखाली पाणी तिच्याकडे वाहतंय. वरचा उतार बघून तुम्ही उलटं समजला असता. तीन विहिरी असल्या तरी दिशा कळते, जास्त असल्या तर सारख्या उंचीच्या रेषा काढायच्या, पाणी त्या रेषांना काटकोनात वाहतं. जमिनीची उंची मात्र मोबाईलच्या जीपीएसवरून घेऊ नका, त्यात दहा-दहा मीटरचा घोळ असू शकतो आणि वरचा सगळा हिशोब चार-सहा मीटरच्या फरकावर चाललाय. लेव्हल मशीन किंवा डिफरन्शियल जीपीएस लागतो.

हे सगळं कशासाठी? कारण पाणी मुरवायची जागा ही जिथे उपसा होतो त्या विहिरींच्या वरच्या अंगाला पाहिजे, म्हणजे जमिनीखालच्या प्रवाहाच्या वरच्या अंगाला. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुसरी गोष्ट, खाली जागा आहे का. पाऊस उघडल्यावरही पातळी जमिनीपासून तीन मीटरच्या आत असेल तर तिथे पुनर्भरण करू नका, टाकी आधीच भरलीये. उलट पातळी अजून वर आली तर केशाकर्षणानं, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतून, पाणी वर चढतं, उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं, जमीन खराब होते. आणि जागा आहे म्हटलं तरी किती आहे ते खडकावर ठरतं. दहा मीटर कोरडा थर आहे असं धरा. तो वाळूचा असेल आणि त्यात २० टक्के निघू शकणारं पाणी मावत असेल तर एका हेक्टरखाली २०,००० घनमीटर बसतं. तोच थर कठीण खडकाचा असेल आणि तिथे २ टक्केच असेल तर फक्त २,००० घनमीटर. म्हणून कठीण खडकात एकच मोठा तलाव बांधणं मला पटत नाही, खालची टाकी लगेच भरते आणि वरचं पाणी नुसतं बसून राहतं. तिथे लहान लहान आणि पसरलेली कामं बरी.

विहिरीवर गेलाच आहात तर पाण्याचा क्षारपणा पण मोजून घ्या, ईसी मीटर खिशात मावतो. खालचं पाणी मचूळ असेल तर गोडं पाणी त्यात मुरून मिसळून जातं आणि परत काढताना मचूळच निघतं. कधीकधी गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगतो आणि हळूच काढता येतो, पण पहिल्याच प्रोजेक्टला त्या वाटेला जाऊ नये.

पाणी येणार कुठून

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. कोरड्या भागात सरासरी पावसाचा आकडा फार फसवतो, वर्षाचा बराचसा पाऊस चार-पाच झडींमध्ये पडून जातो आणि मधे तीन वर्षं काहीच नाही असंही होतं. त्यामुळे सरासरी नका धरू, मिळतील तितक्या वर्षांचा रोजचा पाऊस एक्सेलमध्ये घ्या आणि वाईट वर्षांत किती वेळा ओढा वाहील ते बघा.

साधा हिशोब लक्षात ठेवा, एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर. १०० हेक्टरचं पाणलोट, एका झडीत ४० मिमी पाऊस, त्यातलं २० टक्के वाहून आलं तर ८ मिमी, म्हणजे ८,००० घनमीटर. हे २० टक्के मी उदाहरणाला धरलंय, खरा आकडा माती, उतार, झाडोरा आणि आधी जमीन किती ओली होती यावर बदलतो. कर्व्ह नंबरची पद्धत त्यासाठीच आहे, पण ती शेतजमिनींसाठी घडवलेली आहे, वाळवंटी खडकाळ भागात तिचं उत्तर डोळे झाकून मानू नका. त्याच ओढ्यावरच्या जुन्या लोकांना विचारा की पूर कुठवर येतो आणि किती तास टिकतो, काठावर अडकलेला काडीकचरा पण तेच सांगतो.

आणि एक अवघड प्रश्न स्वतःला विचारा, हे पाणी आत्ता कुठे जातंय? खाली आधीच धरण असेल, ते कधीच भरत नसेल, तर तुम्ही नवीन पाणी तयार करत नाही आहात, खालच्या माणसाचं पाणी वर अडवताय. तंत्रात सगळं बरोबर असलेली साईट या एका मुद्द्यावर भांडणात अडकते.

पावसाशिवाय दुसरा स्रोत म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी, ते बारा महिने येतं हा त्याचा मोठा गुण. इस्राएलमध्ये शाफदान इथे शहरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाळूत मुरवून परत उपसून शेतीला देतात. दक्षिण आफ्रिकेत अटलांटिस इथे १९७९ पासून रस्त्यांवरचं पावसाचं पाणी आणि प्रक्रिया केलेलं पाणी वाळूच्या थरात मुरवतात, आणि त्यातली हुशारी अशी की जास्त क्षाराचं पाणी वेगळं काढून समुद्राकडच्या बाजूला सोडतात, म्हणजे पिण्याच्या विहिरींना ते लागत नाही आणि समुद्राचं खारं पाणी आत यायला अडथळा पण होतो. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन प्रकारच्या पाण्याला दोन वेगळ्या साईट, हे फार शिकण्यासारखं आहे.

पुराच्या पाण्याचा शत्रू म्हणजे गाळ. नामिबियात ओमारुरू नदीवर यावर साधं उत्तर काढलंय, धरणात पूर अडवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि निवळलेलं पाणी काही किलोमीटर खालच्या मुरवण तलावांना सोडायचं. म्हणजे साठवायची जागा वेगळी आणि मुरवायची वेगळी. तुमचा ओढा चहासारखा वाहत असेल तर साईट शोधताना दोन जागा शोधा, एक गाळ बसवायला आणि एक पाणी मुरवायला.

आता नकाशा, पण बेतानं

आजकाल सगळे इथूनच सुरुवात करतात कारण घरी बसून होतं. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, उंचीचा डेटा फुकट आहे, सॅटेलाईट फोटो फुकट आहेत. लेयर साधारण ठरलेले असतात: खडक, भूरूप, उतार, ओढ्यांची घनता, भेगांची म्हणजे लिनियामेंटची घनता, माती, जमिनीचा वापर, पाऊस, पाण्याची खोली. प्रत्येकाला मार्क द्यायचे, प्रत्येक लेयरला वजन द्यायचं, बेरीज करायची आणि लाल-पिवळा-हिरवा मॅप तयार. वजनं ठरवायला थॉमस साटी यांची एएचपी पद्धत वापरतात, त्यात दोन-दोन लेयरची जोडी लावून कोण किती महत्त्वाचं ते १ ते ९ मध्ये सांगायचं आणि शेवटी सुसंगतीचा आकडा ०.१० च्या आत आला पाहिजे. पण लक्षात घ्या, ०.१० च्या आत आलं म्हणजे तुमचं मत एकमेकांशी जुळतं एवढंच, ते बरोबर आहे असं नाही. माणूस अगदी सुसंगतपणे चुकू शकतो.

या बेरजेच्या मॅपचा मोठा दोष सांगतो. बेरजेत एका विषयातले नापास मार्क दुसऱ्या विषयातल्या चांगल्या मार्कांनी भरून निघतात. उतार छान, पाऊस छान, ओढा जवळ, आणि माती घट्ट चिकणमाती. मॅप म्हणतो ७२ टक्के, हिरवं. प्रत्यक्षात पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून आधी काट मारायची आणि मग मार्क द्यायचे. काट कशाला मारायची? जिथे पातळी तीन मीटरच्या आत, जिथे खाली खारं पाणी, जिथे जाड चिकणमाती, जिथे कचरा डेपो किंवा कारखान्याचं सांडपाणी, जिथे घरं आणि पाया भिजायची भीती, जिथे जमीन मिळणारच नाही. हे सगळं खोडून उरेल त्याच भागावर मार्कांचा खेळ खेळा. मग वजनं थोडी वरखाली करून परत चालवा. जी जागा प्रत्येक वेळी वर येते ती खरी, जी वजन ५ टक्के हलवल्यावर गायब होते तिच्यासाठी गाडीचं पेट्रोल जाळू नका.

लेयरबद्दल थोडं. एसआरटीएमचा, म्हणजे स्पेस शटलमधून रडारनं घेतलेला उंचीचा डेटा फेब्रुवारी २००० मधला, ३० मीटरच्या चौकटीचा, सपाट भागात त्यातला उतार बराचसा गोंधळच असतो. सेंटिनेल-२ या युरोपियन सॅटेलाईटचे फोटो १० मीटरपर्यंत बारीक मिळतात, कोरड्या हंगामातले आणि पावसानंतरचे दोन्ही घ्या. लिनियामेंट कॉम्प्युटरनं आपोआप काढून घेतले असतील तर त्यातल्या बऱ्याच रेषा रस्ते, बांध, कुंपणं आणि विजेच्या तारा निघतात, एकेक रेष फोटोवर ठेवून बघावी लागते, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही. आणि भेग सापडली तरी ती मातीनं बुजलेली आहे की उघडी आहे हे वरून कळत नाही. कधी तर ती भेग नसून डाईक असते, उभ्या भिंतीसारखा घुसलेला खडक, तो पाणी वाहून नेण्याऐवजी अडवतो. डाईक वाईटच असं नाही, त्याच्या वरच्या बाजूला मुरवलेलं पाणी तिथेच थोपून राहतं, फक्त तुमच्या विहिरी कुठल्या बाजूला आहेत ते बघा.

सगळ्यात जास्त लोक जिथे घसरतात ती गोष्ट वेगळीच आहे. जिथे भूजल भरपूर मिळतं ती जागा आणि जिथे पाणी मुरवायला चांगलं ती जागा, या दोन वेगळ्या असू शकतात. दरीच्या तळाशी, कोरड्या दिवसांतसुद्धा हिरवंगार असलेला पट्टा सॅटेलाईटवर फार मोहक दिसतो. पण तो हिरवा का आहे? कारण तिथे जमिनीखालचं पाणी वर येतंय. तिथे मुरवणं म्हणजे नळाच्या तोंडातून टाकी भरणं. उलट वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी जिथे ओढा उतारावरून सपाटीला येतो आणि दगडगोटे, भरड वाळू टाकून देतो, तिथे ओढ्याचं पाणी वाहता वाहता गायब होताना दिसतं. ओढा वर वाहतोय आणि पाचशे मीटर खाली कोरडा आहे, असं दिसलं की मी गाडी थांबवतो. कोरड्या भागात यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही.

खड्डा घेतल्याशिवाय काही खरं नाही

मॅपवरून चार-पाच जागा उरल्या की चालत फिरा. ओढ्याच्या कडा, विहिरींच्या भिंती, रस्त्याची कटिंग, मुरूम काढलेले खड्डे, इथे जमीन स्वतःहून पोट उघडून दाखवते. पांढरे मिठाचे फुलोरे, पावसानंतर आठवडाभर साचलेली डबकी, भेगाळलेली माती, हे सगळं वहीत लिहा.

मग ऑगरनं, म्हणजे माती काढायच्या गिरमिटानं, किंवा जेसीबीनं अडीच-तीन मीटरचा खड्डा. माझा एक लाडका खड्डा आहे जो मी कधी विसरणार नाही. मॅपवर एक नंबरची साईट, वर मस्त वाळू, बुटांखाली कर्रकर्र वाजणारी, सगळे खूश. जेसीबीचं बकेट १.४ मीटरवर गेलं आणि वर आलं तेव्हा दात्यांना राखाडी चिकणमाती चिकटलेली. ड्रायव्हरनं बकेट झटकलं तरी पडेना, शेवटी फावड्यानं खरवडली. हाताच्या बोटांमध्ये दाबली तर न तुटता लांब पट्टी निघत होती. पट्टी जितकी लांब निघते तितकी चिकणमाती जास्त, आणि ही चांगली बोटभर निघाली. वरची सगळी वाळू म्हणजे चिकणमातीच्या थाळीत ठेवलेला स्पंज. पाणी आत गेलं असतं, थाळीवर साचलं असतं आणि आडवं सरकत ओढ्यात परत बाहेर आलं असतं. अर्ध्या दिवसाच्या जेसीबीनं तो पूर्ण प्रोजेक्ट वाचवला. कोरड्या भागात अशीच दुसरी थाळी म्हणजे चुनखडीचा घट्ट थर, तो पण वरून अजिबात दिसत नाही.

पाणी किती वेगानं आत जातं ते मोजायला दोन कड्यांची टेस्ट असते, आतलं कडं साधारण ३० सेंमीचं आणि बाहेरचं ६० सेंमीचं. दोन्ही जमिनीत थोडी ठोकून बसवायची, दोन्हीत पाणी भरायचं आणि फक्त आतल्याची घट मोजायची. बाहेरचं पाणी आडवं पसरतं त्यामुळे आतलं सरळ खाली जातं, म्हणून दोन कडी. पहिल्या तासातले आकडे बघून हुरळून जाऊ नका, कोरडी माती तहानलेली असते, ती काहीही पिते. लागोपाठ तीन-चार वाचनं सारखी येईपर्यंत थांबायचं, त्याला चार-सहा तास सहज लागतात. सावलीची सोय करून बसा. साधारण अंदाज म्हणून: वाळूत ताशी ३० मिमीच्या वर, वाळूमिश्रित पोयट्यात २० ते ३०, पोयट्यात १० ते २०, चिकण पोयट्यात ५ ते १० आणि चिकणमातीत १ ते ५.

हा आकडा का महत्त्वाचा ते बघा. तलाव ५० बाय ४० मीटर, म्हणजे २,००० चौरस मीटर. ताशी १० मिमी मुरलं तर दिवसाला २४० मिमी, म्हणजे ४८० घनमीटर. उन्हानं उडणारं दिवसाला ८ मिमी धरा, म्हणजे १६ घनमीटर, किरकोळ. आता तोच तलाव ताशी १ मिमीच्या जमिनीवर घ्या, दिवसाला ४८ घनमीटर मुरलं आणि उडालं तेच १६. म्हणजे गेलेल्या पाण्यातला चौथा हिस्सा हवेत. आणि हे कोऱ्या करकरीत तळाचं, गाळ बसल्यावर मुरण्याचा वेग खूप पडतो पण ऊन काही कमी होत नाही. त्यामुळे टेस्टचा आकडा डिझाईनला जसाच्या तसा कधी वापरू नका, मी तर तिसरा हिस्साच धरतो, आणि तेवढ्यात गणित बसत नसेल तर ती साईट सोडतो.

कड्यांची टेस्ट फक्त वरची साल बघते. म्हणून ज्या एक-दोन जागा अगदी फायनलला आल्यात तिथे तीन बाय तीन मीटरचा खड्डा घेऊन टँकरनं पाणी सोडा आणि दोन-तीन दिवस पातळी मोजत राहा. शेजारी दोन-चार मीटरवर ऑगरची भोकं ठेवा. भोकात पाणी लवकर दिसलं तर ते आडवं पळतंय, खाली कुठेतरी थाळी आहे. मातीत सोडियम जास्त असेल तर अजून एक भानगड होते, बोअरच्या खारट पाण्यानं टेस्ट चांगली येते आणि मग पावसाचं निर्मळ पाणी आलं की माती फुगते, विस्कटते आणि छिद्रं बंद होतात. त्यामुळे टेस्ट शक्यतो जे पाणी खरंच मुरवायचंय तसल्याच पाण्यानं करा.

बजेट असेल तर रेझिस्टिव्हिटी सर्व्हे करून घ्या, जमिनीत करंट सोडून खालचे थर ओळखतात. त्यात एक खाच आहे, चिकणमाती आणि खारं पाणी दोन्ही सारखेच कमी आकडे दाखवतात. म्हणून एखादं तरी बोअर मारून, निघालेला चुरा मीटरगणिक ओळीत मांडून, त्याच्याशी ताळा घ्यायचा. नुसता रंगीत ग्राफ बघून सही करू नका.

आत गेलं, पुढे काय

मुरलेलं पाणी खाली जाऊन सपाट पसरत नाही, तलावाखाली ढिगासारखा उंचवटा तयार होतो. खालचा थर पाणी हळू वाहू देणारा असेल तर हा ढीग वाढत वाढत तलावाच्या तळाला टेकतो आणि मुरणं थांबतं. अशा ठिकाणी चौकोनी तलावापेक्षा लांब आणि अरुंद चर चांगला चालतो. याच्या उलट चुनखडीच्या पोकळ्या असलेल्या खडकात पाणी इतकं पटकन पळतं की तुमच्या विहिरींना हाय म्हणायला पण थांबत नाही, दुसरीकडेच झरा होऊन निघतं. कठीण खडकात जमतच नाही असं नाही, नामिबियाची राजधानी विंडहोक इथे भेगाळलेल्या क्वार्टझाईटमध्ये बोअरमधून पाणी भरून शहराचा दुष्काळी साठा ठेवतात, पण तिथे आत सोडतात ते प्रक्रिया केलेलं पिण्यालायक पाणी. हे वाचून कुणी शेतातला गढूळ लोंढा थेट बोअरमध्ये सोडू नका प्लीज. मातीचा जो फिल्टर असतो तो बोअरमध्ये नसतो, घाण सरळ जलधरात, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थरात जाते आणि बोअर गाळानं बसतो ते वेगळंच.

वरच्या कोरड्या मातीत वर्षानुवर्षं मीठ आणि नायट्रेट साठलेलं असू शकतं, पहिल्या पाण्याबरोबर ते सगळं खाली धुऊन जातं. पहिल्या मोसमात शेजारच्या विहिरींचं पाणी बिघडलं तर घाबरायचं नाही पण मोजायचं नक्की, आणि सुरुवात करायच्या आधीचा रिपोर्ट हातात ठेवायचा. खडकात आर्सेनिक असलेल्या भागात तर लॅब रिपोर्टशिवाय पुढे जाऊच नका, नवीन ऑक्सिजनचं पाणी खनिजांशी खेळून ते मोकळं करू शकतं.

कुठल्या जागेला काय बांधायचं हे वेगळ्या लेखाचं काम आहे, इथे थोडक्यात. वरपासून खालपर्यंत भरड असेल तर उथळ तलाव. वर पाच-सात मीटर चिकणमाती आणि खाली चांगली वाळू असेल तर चिकणमाती भेदून जाणारा गाळणीचा शाफ्ट, म्हणजे उभा खोल खड्डा. उताराला समतल चर. आणि ओढ्याचं पात्र अरुंद, खाली खडक, वरून भरड वाळू वाहून येत असेल तर वाळूचा बंधारा, पूर्व केनियात किटुई भागात असे खूप आहेत, बंधाऱ्यामागे वाळू साठते आणि पाणी त्या वाळूत राहतं, ऊन लागत नाही. तिथे बारीक गाळ येत असेल तर मात्र नको, वाळूच्या जागी चिखल साठतो.

फायनल करताना एक शेवटची नजर टाका, जी मॅपमध्ये येत नाही. गाळ काढायला मशीन आत जाईल का? तळ सुकवून खरवडावाच लागतो, त्यामुळे एका मोठ्या तलावाऐवजी दोन लहान होतील एवढी जागा आहे का, म्हणजे एक सुकतोय तोवर दुसरा चालू? खालच्या अंगाला एक तरी निरीक्षण विहीर ठेवता येईल का? आणि जमिनीवर कुणाचं नाव आहे, तोंडी हो म्हणालाय की लिहून दिलंय?

बांधून झाल्यावर पहिल्या पावसाआधी तळात एक खांब रोवा, सेंटिमीटरच्या खुणा रंगवा आणि शेजारच्याच कुणालातरी रोज सकाळी सातला आकडा लिहायला सांगा. पाणी येत नसलेल्या दिवशीची घट घ्यायची आणि त्यातून उन्हाचे ८ मिमी वजा करायचे. पहिल्या वर्षी दिवसाला ९० मिमी जात होतं आणि दुसऱ्या वर्षी तेवढ्याच पाण्याला ४० वर आलं, तर तळ सुकला की पहिल्याच आठवड्यात वरचा पाच-दहा सेंटिमीटर गाळ खरवडून बांधाच्या बाहेर टाका, बांधावर नको, तिथून तो पुढच्या पावसात परत आतच येतो.